रिफअतचं यंत्र आणि उम्म मसऊदची नजर

१२ नोव्हेंबर

माझी कुनाफ्याची, गोडाधोडाची परात गेली. लग्नात आलेली, जाड तांब्याची, कल्हई केलेली. नातवाने, रिफअतने, तिच्यात तेजाब ओतलं आणि तांब्याचा पत्रा लावलेली एक पाटी बुडवली. शाईने जिथे रेघा ओढल्या होत्या तेवढं तांबं राहिलं, बाकीचं तेजाबाने खाल्लं. माझ्या परातीचंही खाल्लं. आजीला म्हणतो, "सित्ती, हा माझा नकाशा आहे. बाजारात कुठे मिळायचा नाही." मी म्हटलं, माझी परातही आता बाजारात कुठे मिळायची नाही.

गाण्याचा आवाज मोठा करणारं यंत्र बनवतोय. ॲम्प्लिफायर. लग्नाच्या मांडवात दोन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली राबला, तिथली विकतची यंत्रं ऐन नाचात मरतात म्हणे. हा स्वतःचं काढणार, स्वतः आखलेलं, न मरणारं. पाहुण्यांची खोली घेतलीये त्यासाठी. माझ्या सोनेरी खुर्च्यांवर तारा, टेबलावर झाळायची कांडी, आणि घरभर वास. एवढा वास तर मासळीबाजारात येत नाही.

माझा थोरला मुलगा फिक्री कुवेतमध्ये आहे. त्याने पुतण्यासाठी शीतगृहात नोकरीची जागा धरून ठेवलीये. फोनवर सांगितलं, हिवाळा संपेपर्यंत स्वतःच्या यंत्रावर एक लग्न वाजवून दाखव, नाहीतर विमानात बस. रिफअतने हो म्हटलं. मला काय. जायचं तर जावं. खोली तरी मोकळी होईल.

खालची उम्म मसऊद लसूण मागायला आली आणि सरळ त्या खोलीत शिरली. "अगं बाई, केवढं हे! पोराने एकट्याने केलं?" असं दोनदा म्हणाली. एकदाही अल्लाचं नाव नाही, नबीचं नाव नाही. असं कोरडं कौतुक कुणी करतं का? ती गेल्यावर मी जाडं मीठ घेतलं, तळहातांत चुरलं आणि यंत्रावर सगळीकडून टाकलं, कोपरे न सोडता. मोठे खडे फुंकून काढले, नाहीतर हा हसतो. मागे एकदा म्हणाला होता, सित्ती, इथे वीज लागते, नजर नाही. वीज पाहिलीये यानेच काय ती.

१८ नोव्हेंबर

झाडूचं वादळ आलं. दरवर्षी याच दिवसांत येतं आणि रस्त्यावरची माणसं झाडून नेतं, म्हणून नाव झाडू. समुद्र कठड्यावरून आत येतोय. खिडक्या आतून रडताहेत, उशीसुद्धा ओली.

काल यंत्र पहिल्यांदा बोललं. मला मुद्दाम बसवून समजावलं त्याने. ॲल्युमिनियमच्या दातेरी पट्टीवर चार काळे तुकडे बसवलेत, तीन-तीन पायांचे. ते ट्रान्झिस्टर. तेच आवाज उचलतात. गाणं नसतानाही त्यांना थोडं जागं ठेवावं लागतं. पार झोपले तर आवाज चिरका येतो, फार जागले तर तापून मरतात. किती जागं ठेवायचं ते एका निळ्या ठिपक्यावर ठरतं, वाटाण्याएवढा, त्याला बारीक स्क्रू. रिफअतने श्वास रोखून तो स्क्रू फिरवला, मीटर बघितलं, पुन्हा फिरवला. एवढी काळजी त्याने स्वतःच्या दाढीची केली असती तर आतापर्यंत लग्न झालं असतं.

वाजलं छान. खोटं कशाला बोलू. उम्म मसऊद खालून ओरडली, काय आवाज आहे! मी लगेच मीठ टाकलं, तो चहा प्यायला बाहेर गेला तेव्हा.

आज सकाळी चालू केलं तर टप्प असा आवाज, धूर, आणि दोन तुकडे मेले. हा खुर्चीवर बसून राहिला. मी म्हटलं, घेवड्याचं कालवण खा. खाल्लं नाही.

१९ नोव्हेंबर

बघा. नजर म्हणजे थट्टा नाही. आजपासून रोज टाकणार.

२७ नोव्हेंबर

उस्ता वहबा आला होता. जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेत, आता डोळे गेलेत म्हणून नाकाने काम करतो. मेलेले तुकडे हुंगले आणि म्हणाला, नकली आहेत. वर नाव एकाचं, पोटात माल दुसऱ्याचा. नखाने खरवडलं तर नाव निघालंसुद्धा. रिफअतचा चेहरा उजळला. मला कळत नाही, माल नकली निघाल्यावर खूश व्हायचं काय. म्हणे, नकाशा चुकला नाही ना, म्हणून.

अत्तारीनच्या जुन्या बाजारात जाऊन कुठल्याशा भंगारातल्या यंत्रातून खरे काढून आणले. बसवले. निळा स्क्रू फिरवला. संध्याकाळी मीटर बरोबर, सकाळी बघतो तर आकडा सरकलेला. पुन्हा बरोबर केला. दुसऱ्या सकाळी पुन्हा सरकलेला.

वहबाने बोट फिरवून सांगितलं, समुद्र आहे हा. या घरात लोखंडाला गंज, तांब्याला हिरवं, माणसाला सांधे. तांब्यावर पांढरट हिरवं काहीतरी आलंच होतं. मग रिफअतने पाटीला लाख फासली, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, खोलीत हीटर लावला. मी थंडीत कुडकुडते तेव्हा हीटर महाग असतो.

३ डिसेंबर

पुन्हा धूर. याला आता धुराचीच सवय होणार. मी मीठ वाढवलंय, सकाळ-संध्याकाळ टाकते.

६ डिसेंबर

रिफअतची आई इन्साफ मिठावरून भांडली. म्हणे, एवढं मीठ जातं कुठे, अम्मा, तुमचा रक्तदाब वाढलाय म्हणून मी रश्शात घालत नाही, तरी बरणी रिकामी. मी म्हटलं उंदीर खातो. सुनेने मला असं पाहिलं की जणू तो उंदीर मीच.

१४ डिसेंबर

काल उम्म मसऊदच्या नातवाच्या जन्माचा सातवा दिवस. रिफअत म्हणाला, कुणाच्या लग्नात नेण्याआधी इथे वाजवून बघू. नवे तुकडे बसवले होते, दोन दिवस जरा बरं चाललं होतं. मी नको म्हटलं. तिचंच घर, तिचीच माणसं, सगळ्यांचे डोळे यंत्रावर. ऐकेल तर तो रिफअत कसला.

घर भरलं होतं. बाळ चाळणीत ठेवलं, त्याची मावशी खलबत्ता वाजवत होती, आईचं ऐकायचं, आजीचं ऐकायचं नाही असं त्याच्या कानात ओरडत होती, आणि सगळ्या बायका मीठ उधळत फिरत होत्या. मी मूठ बाळावर टाकली आणि दोन मुठी यंत्रावर. बाळाला काय, त्याची आई आहे, मावश्या आहेत. यंत्राला कोण आहे? रिफअत दाराशी माइकची तार धरून उभा होता, त्याची पाठ माझ्याकडे.

तिसऱ्या गाण्यात आवाज घोगरा झाला, मग बंद. मग तो वास. पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं, काहीतरी करपलं वाटतं. लोक हसले. रिफअतही हसला, आणि तेच मला बघवलं नाही. उम्म मसऊदने पोरींना टाळ्या वाजवायला लावल्या, तोंडाने गाणी म्हणायला लावली. फार चांगुलपणा दाखवत होती.

जिन्यात मी त्याला म्हटलं, सांगितलं होतं ना. तो म्हणाला, "हो सित्ती. सांगितलं होतंस." आणि यंत्र उचलून वर गेला. उलटून बोलला असता तर बरं वाटलं असतं.

२० डिसेंबर

पासपोर्टचे फोटो काढून आलाय. फोटोत चोरासारखा दिसतो. इन्साफ न्हाणीत नळ सोडून रडली. मी तिला म्हटलं, पाणी वाया जातंय.

९ जानेवारी

रशीदहून आले, बहिणीच्या गावाहून. बहीण पडली होती, तिला उठवायला-बसवायला मी गेले, आणि तिचं तोंड माझ्यापेक्षा वाईट आहे हे मी विसरले होते. पुन्हा जाणार नाही.

घरात पाऊल टाकलं तर गाणं. रिफअत दाढी करून बसलेला. म्हणतो, तू गेल्यावर पाटी पुसून नवे तुकडे बसवले, तेव्हापासून रोज चालू आहे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आकडा केसभर हलला नाही. वादळातसुद्धा नाही. फोटो काढले तरी फिक्रीला तिकिटासाठी हिवाळाभर थांबायला सांगितलं होतं, ते कामी आलं म्हणाला. वहबा येऊन ऐकून गेला. म्हणाला, आता याला कुणी हात लावू नका.

इतके दिवस इतकं सुरेख वाजतंय, खिडकी उघडी, सगळी गल्ली ऐकतेय, आणि माझ्यामागे एकदाही मीठ टाकलेलं नाही. इन्साफला विचारलं तर म्हणे, मला काय ठाऊक तुम्ही टाकता ते. या घरात सगळं मीच बघायचं. बॅग न उघडता आधी मीठ टाकलं. राहिलेल्या दिवसांचंही टाकलं, भरपाई म्हणून.

११ जानेवारी

मेलं. मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी उम्म मसऊद वर डोकावली होती, माझ्या बहिणीची विचारपूस करायला म्हणे. बहिणीची. तिने माझ्या बहिणीला कधी पाहिलंसुद्धा नाही.

या वेळी एक तुकडाही शिल्लक नाही, पाटीसुद्धा एका जागी काळी पडली. रिफअतने काही फेकलं नाही, शिवी दिली नाही. हात धुतले, बाल्कनीत गेला आणि काकाला फोन लावला. मी दारामागेच होते. म्हणाला, "काका, तिकीट काढा."

बरं झालं. किती दिवस चालणार हा खेळ. खोली मोकळी होईल. खुर्च्या बाहेर काढून उन्हात ठेवीन, वास जाईल.

१२ जानेवारी

खुर्च्या बाहेर काढल्या नाहीत. पाऊस आहे.

२२ जानेवारी

उम्म मसऊद वर आली. मी दारात उभी राहिले, आत जाऊ दिलं नाही. पुढच्या गुरुवारी तिच्या धाकटीचं लग्न, गल्लीतच मांडव. म्हणाली, "रिफअतला सांग, यंत्र त्याचंच आणायचंय. जायच्या आधी एकदा वाजू दे."

मी म्हटलं, सातव्या दिवशी तुझ्या घरी काय झालं ते विसरलीस?

म्हणाली, "भाड्याचं बिघडलं तर तमाशा होतो. आपल्या पोराचं बिघडलं तर टाळ्या वाजवू. वाजवल्या ना त्या दिवशी?"

जिन्यातला दिवा बंद पडलाय, तुझ्या मुलाला बघायला सांग, असं म्हणून दार लावलं.

रिफअतला सांगितलं. तो म्हणाला, आता उशीर झाला सित्ती, उद्या ट्रान्सफॉर्मर काढून अत्तारीनला विकून टाकणार आहे.

२३ जानेवारी

किती दिवसांनी लख्ख ऊन. वारा वाळवंटाकडचा, कोरडा, ओठ फुटले. रिफअतने यंत्र खिडकीशी उन्हात आणलं आणि स्क्रू काढायला बसला. मी पलीकडे भाजी निवडत होते.

मध्येच थांबला. नाक अगदी पाटीला लावलं. त्या निळ्या ठिपक्याच्या पायांभोवती पांढरं खपलीसारखं धरलं होतं, उन्हात चमकत होतं, सुकवलेल्या मासळीवर धरतं तसं. त्याने नखाने खरवडलं. वास घेतला. मग ते नख चाटलं.

म्हटलं, झालं. पोराचं डोकं गेलं, यंत्र चाटतोय.

तो माझ्याकडे वळला. मग एकेक विचारायला लागला. रशीदला किती दिवस होतीस. सातव्या दिवशी कुठे उभी होतीस. आणि मग अगदी हळू विचारलं, "सित्ती, तू मीठ कुठलं वापरतेस?"

मी म्हटलं, "जाडं. मक्सच्या मिठागरातलं. बारकात जोर नसतो."

"नसतो," तो म्हणाला. "यात मात्र आहे."

आणि हसायला लागला. खुर्चीवरून खाली घसरला, माझ्या सोनेरी खुर्चीवरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. इन्साफ धावत आली. तिला काही सांगितलं नाही त्याने. उठून माझ्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि वहबाकडे पळाला, एका पायात चप्पल, एका पायात बूट.

भाजी निवडायची राहिली. मी दुपारभर त्याच्या नखाचा विचार करत होते.

२५ जानेवारी

विचार केला आणि सोडून दिला.

पाटी स्पिरिटने धुतली, ब्रशने घासली, काळं झालं होतं तिथे तारेचा पूल घातला. वहबाने स्वतःच्या कपाटातले जुने ट्रान्झिस्टर दिले, मरणाच्या वेळी बरोबर नेणार होता वाटतं. निळा ठिपका नवा, आणि या वेळी झाकलेला, वरून बंद. शिवाय रिफअतने यंत्राला पत्र्याचं झाकण केलं. बाजूला जाळी, वरून एकही भोक नाही. मी म्हटलं, गरम होईल. तर म्हणे, वारा बाजूने येतो सित्ती, वरून जे येतं ते नकोय.

मग माझ्यासमोर येऊन मान खाली घालून उभा राहिला. "ऐक. नजर यंत्राला लागत नाही, बनवणाऱ्याला लागते. यापुढे माझ्यावर टाक."

शेवटी कळलं म्हणायचं. किती वर्षं हसत होता. मी मूठभर टाकलं त्याच्या डोक्यावर. केसांत खडे अडकले. हलला नाही.

मी विचारलं, कुवेतमध्ये कोण टाकणार?

म्हणाला, गुरुवार होऊ दे.

२८ जानेवारी

तीन दिवस वाजतंय. आकडा हललेला नाही. मी त्या खोलीत जात नाही. खुर्च्यांवर धूळ आहे, राहू दे.

३० जानेवारी

काल लग्न झालं. आज पाय सुजलेत, तरी लिहिते.

गल्लीत मांडव, रंगीत दिव्यांच्या माळा, वीज खांबावरून ओढलेली. यंत्र एका पिंपावर ठेवलं होतं, आमच्याच चादरीवर. रिफअत बाजूला उभा, अधूनमधून झाकणावर पालथा हात ठेवायचा, आईने तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मी पुढच्या रांगेत. झग्याच्या खिशात मीठ घेतलं होतं. घेतलं होतं, लपवून काय उपयोग.

पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला मी खुर्चीची कड धरली, कारण तिसऱ्यालाच मेलं होतं मागे. तिसरंही झालं. पोरं खुर्च्यांवर चढली, तरुण आमच्याकडच्या रिवाजाने सुऱ्या घेऊन नाचायला लागले, नवरी चपला काढून नाचली. आवाज असा की छातीची हाडं थरथरत होती, पण शब्द न् शब्द स्वच्छ. म्हातारा वहबा डोळे मिटून बसला होता. मला वाटलं झोपला. तर गालावरून पाणी.

तेवढ्यात उम्म मसऊद आली. नवरीची आई, अंगावर सगळं सोनं. यंत्रासमोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवले, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "काय हा आवाज! सगळ्या अंफूशी मोहल्ल्यात असं यंत्र नाही."

आणि गप्प. नबीचं नाव नाही, कुणाचंच नाव नाही.

माझा हात खिशात गेला. मूठ भरली. उठले. रिफअतने मला उठताना पाहिलं. तो जागचा हलला नाही, मला थांबवायला आला नाही. बाजूला जाळी आहे, मी उंच धरून टाकलं असतं तरी आत गेलं असतं थोडं. हे मला तिथे उभं राहिल्यावर सुचलं. इतके दिवस सुचलं नव्हतं.

मी मूठ तशीच बंद ठेवून उम्म मसऊदच्या कानाशी गेले आणि ओरडले, "नबीवर सलाम म्हण ना बाई, तोंड शिवलंय का?"

ती दचकली. मग तिने रिफअतच्या हातातला माइक ओढला आणि त्यात म्हटलं. गल्लीने मागून म्हटलं. यंत्राने ते सगळं समुद्रापर्यंत नेलं.

फिक्रीचा फोन आला तेव्हा रिफअतने मोबाइल उंच धरला, स्पीकरच्या दिशेने. बराच वेळ धरला. मग कानाला लावून म्हणाला, "काका, तिकिटाचं राहू द्या." पुढचं मला ऐकू आलं नाही. फिक्री रागावला असणार. तो लहानपणापासून रागीट आहे, बापावर गेलाय.

घरी येऊन मूठ उघडली. मीठ घामाने विरघळलं होतं, तळहात पांढरा. नळाखाली धुतला. रिफअत दारात उभा राहून बघत होता.

१ फेब्रुवारी

खुर्च्या अजून त्याच खोलीत. वास तसाच. आता दुसरं यंत्र करणार म्हणे, यापेक्षा मोठं, आणि माझी भाताची परात कुठे आहे असं विचारत होता. मी ती पलंगाखाली ठेवलीये.

सकाळी बाजारात निघाला तेव्हा इन्साफ ओरडली, मीठ संपलंय, आण. तो जिन्यातून माझ्याकडे वळला.

"किती आणू, सित्ती?"

मी म्हटलं, "स्वयंपाकापुरतं."